ब्लोअर प्रत्येक बागेचा वेगळा, शेड एकच: मालातली विविधता आवाक्यात कशी ठेवायची

द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, जवळ आली की कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत द्राक्षबागेचे ब्लोअर (ट्रॅक्टरवर चालणारी, पंख्याच्या वाऱ्यानं औषध फवारणारी मशीन) बनवणाऱ्या शेडमध्ये फोन थांबत नाही. तासगावच्या बागायतदाराला ४०० लिटरची टाकी हवी, पण पंप शेजाऱ्याकडे आहे त्याच कंपनीचा. पलूसच्या माणसाचा ट्रॅक्टर मिनी, त्याला वजन कमी हवं. कवठेमहांकाळहून ६०० लिटरचा, मागून ओढायचा आणि ट्रॅक्टरच्या रंगाचा मागतात. यातलं एकही मागणं चुकीचं नाही. ओळींमधलं अंतर, वेल मांडवावर आहेत की वाय आकाराच्या आधारावर, ट्रॅक्टरची ताकद, पाणी किती लांबून आणायचं, हे बागेगणिक बदलतं. मालक सगळ्यांना हो म्हणतो, आणि ऑक्टोबरात शेडमध्ये अर्धवट मशीनची रांग लागते. प्रत्येक मशीन कुठल्या तरी एका वेगळ्याच पार्टासाठी अडलेलं असतं.

मोठ्या संख्येनं बनवायचं आणि तरी ज्याला त्याला हवं तसं द्यायचं, याला उद्योगात मास कस्टमायझेशन म्हणतात. मिरजेतल्या सतारमेकरांचं गणित निराळं आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे प्रत्येक वाद्य वाजवणाऱ्याच्या बैठकीनुसार, स्वरानुसार हातानं घडतं, आणि किमतीत ते हात मोजलेले असतात. ब्लोअरची किंमत बाजार ठरवतो आणि विक्रीचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. त्यामुळे वेगळेपण द्यायचंच, पण ते मशीनच्या कुठल्या भागात आणि कामाच्या कुठल्या टप्प्यावर शिरू द्यायचं हे गिऱ्हाइकानं ठरवायचं नसतं, आपण ठरवायचं असतं. पुढची सगळी कामं त्यासाठीच आहेत. उदाहरण ब्लोअरचं घेतलंय. रोटाव्हेटर, ट्रॉली, हळद पॉलिशचे ड्रम किंवा फर्निचर बनवणाऱ्यांनाही क्रम हाच लागू पडतो.

जुनी बिलं काढा

मागच्या दोन हंगामांची बिलं आणि चलनं घेऊन बसा. एका शीटमध्ये दर मशीनला एक ओळ. रकाने असे: टाकी, पंप, पंखा, ट्रॅक्टरची जोडणी, नोझल, रंग, आणि शेवटी ‘जादा काय केलं’. हा शेवटचा रकाना बिलावरून भरता येत नाही, त्यासाठी वेल्डर आणि फिटरशेजारी बसावं लागतं. ‘त्या विट्याच्या मशीनला ब्रॅकेट दोन इंच वर घेतलं होतं’ असली माहिती त्यांच्या डोक्यात असते, कागदावर कुठेच नसते.

आता समजा, तुमच्याकडे ४ टाक्या, ३ पंप, ३ पंखे, २ जोडण्या, ४ प्रकारची नोझल आणि ५ रंग आहेत. गुणाकार केला तर १,४४० प्रकारचे ब्लोअर होतात. हंगामात दोनशे मशीन विकणाऱ्या शेडला हा आकडा ऐकून घाम फुटेल. पण आकडा मोठा असल्यानं आपोआप काही बिघडत नाही. चार प्रकारच्या नोझलमध्ये फक्त आतली सिरॅमिक चकती बदलत असेल, तर तो पर्याय जवळपास फुकट आहे. टाकी बदलली की चेसिसची लांबी, बैठक, पट्टे, होजची लांबी असं सगळंच बदलत असेल, तर तो एकटा पर्याय नोझलच्या दहापट त्रास देतो.

म्हणून प्रत्येक पर्यायासमोर लिहा: हा बदलला की आणखी कुठले पार्ट बदलतात? यात बहुतेक वेळा अनपेक्षित गुन्हेगार सापडतो. मालकाला वाटत असतं की रंगांनी वैताग आणलाय. शीट मात्र पंपाकडे बोट दाखवते. तीन कंपन्यांचे पंप म्हणजे पायाच्या भोकांची तीन मापं, शाफ्टच्या तीन उंच्या, वेगळं कपलिंग आणि वेगळा गार्ड.

याच बैठकीत दुसरी यादी करा: गिऱ्हाइकाला कधीच न दिसणारी विविधता. एम-८, एम-१० आणि एम-१२ चे बोल्ट पाच-पाच लांब्यांत, होजचे सहा व्यास, पट्टीच्या चार जाड्या. हे कुणी मागितलेलं नव्हतं. ज्या दिवशी स्टोअरमध्ये जे होतं ते लावलं, आणि तेच पुढे रूढ झालं. इथली छाटणी सगळ्यात स्वस्त. गिऱ्हाइकाला न विचारता उद्यापासून सुरू करता येते.

एका जादा पर्यायाची खरी किंमत

हिशेबात जादा पर्यायाची किंमत फक्त त्या पार्टाची धरली जाते. पंधराशेचा ब्रॅकेट लावला, दोन हजार घेतले, पाचशे सुटले. बाकीचा खर्च ‘शेडचा खर्च’ म्हणून सगळ्या मशीनवर सारखा वाटला जातो. परिणामी साधं ४०० लिटरचं मशीन घेणारा शेतकरी, विचित्र ऑर्डर देणाऱ्याचा खर्च भरत राहतो. तुमचं साधं मशीन बाजारात महाग पडतं आणि विचित्र मशीन स्वस्त. मग विचित्र ऑर्डरी वाढतात, आणि त्या वाढल्या म्हणून आपण खूश होतो.

रंगाचंच बघा. पावडर कोटिंगला रंग बदलायचा म्हणजे बूथ, गन, होज सगळं साफ करावं लागतं, नाहीतर लाल चेसिसवर निळे ठिपके येतात. काम बाहेर जॉबवर्कला देत असाल तर तो माणूस एका रंगाचा पुरेसा माल जमेपर्यंत थांबतो. तुमच्या तीन हिरव्या चेसिस त्याच्या दारात पडून राहतात आणि इकडे पंप, टाकी, गिअरबॉक्स यांचे पैसे अडकतात. बिलावर रंगाचे जादा शंभर रुपये दिसतात, अडकलेले दिवस दिसत नाहीत.

प्रत्येक पर्यायासाठी अर्ध्या पानाचा अंदाज पुरतो: ड्रॉइंगला किती तास, फिक्स्चर (वेल्डिंग करताना पार्ट जागेवर धरणारा सांगाडा) बदलायला किती वेळ, पुरवठादार कमीत कमी किती नग देतो, त्यातले किती पडून राहतात, चुकीचं बसवलं जाण्याची शक्यता किती, आणि पुढची आठ-दहा वर्षं त्याचा स्पेअर ठेवावा लागेल का. रोटोमोल्डिंगच्या (साचा फिरवून बनवलेल्या प्लास्टिकच्या) टाकीत पुरवठादाराचा किमान नग हीच मोठी अडचण असते. आकडे रुपयापर्यंत बरोबर नसले तरी चालतील, पर्यायांचा क्रम बरोबर लागला पाहिजे.

मशीनचे तुकडे पाडा, आणि सांधे पक्के करा

हे काम सगळ्यात वेळखाऊ, आणि घाई केली तर फसणारं.

ब्लोअरचे सरळ आठ तुकडे पडतात: चेसिस, टाकी, पंप, गिअरबॉक्स व पंखा, नोझलची कमान, कंट्रोल व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरची जोडणी, आणि वरची पत्र्याची कव्हरं. तुकडे पाडणं सोपं असतं. अवघड असतो त्यांच्यामधला सांधा: भोकांची मापं, शाफ्टची उंची, होजचा व्यास, बैठकीची रुंदी. टाकी कितीही बदला, चेसिसवर ती त्याच चार भोकांत बसली पाहिजे. एकदा सांधा ठरला की तो ड्रॉइंगवर जाड रेषेत काढून भिंतीवर लावा, आणि मालकाच्या सहीशिवाय कुणी बदलायचा नाही हा नियम करा. मालकानंही.

काही सांधे जगानं आधीच ठरवून दिलेत, त्यांचा फायदा घ्या. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ, म्हणजे जोडलेल्या मशीनला इंजिनाची ताकद देणारा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा आणि शाफ्ट १ ३/८ इंचाचा, सहा स्प्लाइनचा (खाचांचा) हे प्रमाण सर्रास चालतं. ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी अडकवायच्या थ्री पॉइंट जोडणीत कॅटेगरी १ ला (लहान ट्रॅक्टर) खालची पिन २२ मिमीची आणि कॅटेगरी २ ला (मोठे ट्रॅक्टर) २८ मिमीची लागते. यासाठी दोन वेगळ्या जोडण्या वेल्ड करायची गरज नाही. पिन २२ चीच ठेवून मोठ्या ट्रॅक्टरसाठी वर २८ चा बुश चढवता येतो. दोन पिनांमधलं अंतरही कॅटेगरीप्रमाणे बदलतं, त्यासाठी बोल्टनं बसणाऱ्या प्लेटमध्ये भोकांचे दोन संच पाडा. अर्थात भरलेल्या टाकीचं वजन त्या पिनेला झेपतं का हे इंजिनिअरकडून तपासून घेतल्यावरच.

पंपाचंही असंच. तीन पंपांसाठी तीन चेसिस करू नका. चेसिसवर एकच भोकांचा संच, आणि प्रत्येक पंपासाठी एक अडॉप्टर प्लेट, जिची जाडी अशी की शाफ्टची उंची तिन्हींत एकच येते. तिन्ही पंप ठेवले, भानगड एका प्लेटीत बंद झाली.

आता नेहमीचा वाद: ६०० लिटरची चेसिस ४०० ला वापरायची का? गणित मांडा. समजा जादा लोखंड ८ किलो आणि भाव किलोला ७५ रुपये, तर एका मशीनमागे ६०० रुपये. हंगामात ४०० ची ८० मशीन जात असतील तर ४८,००० रुपये. वेगळी चेसिस ठेवण्याचा वर्षाचा खर्च, म्हणजे फिक्स्चर, अडकलेला माल, थांबलेली मशीन, याहून जास्त असेल तर एकच चेसिस परवडते. कमी असेल तर वेगळी ठेवा. एकीकरणाचा हट्ट नको. २०० लिटरला मात्र ही चेसिस लावू नका. मिनी ट्रॅक्टरची हायड्रॉलिकची उचल मर्यादित असते आणि २०० लिटर घेणारा वजन वाचवायलाच ते घेतो. म्हणून दोन घराणी करा: लहान आणि मोठं. सगळ्यांसाठी एकच करायला गेलं की लहान मशीन जड होतं आणि मोठं अशक्त.

वेगळेपण शेवटाकडे ढकला

बेनेटन या इटालियन कंपनीनं स्वेटर आधी न रंगवलेल्या लोकरीत विणून ठेवले आणि बाजारात कुठला रंग चालतोय हे कळल्यावर रंगवले. एचपीनं डेस्कजेट प्रिंटर सगळ्या देशांसाठी सारखे बनवले आणि त्या त्या देशाचा वीजपुरवठ्याचा भाग शेवटी वितरण केंद्रावर जोडला. लांब जायचं नसेल तर पंपाच्या धंद्याकडे पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळ वसवलेल्या किर्लोस्करवाडीमुळे आपल्या भागाला पंप नवे नाहीत. सेंट्रिफ्युगल पंपाचं बाहेरचं कास्टिंग तेच ठेवून इम्पेलरचा (आतल्या फिरत्या चाकाचा) व्यास लेथवर कमी केला की पंप वेगळ्या कामाचा होतो. व्यास ५ टक्के कमी केला तर पाणी चढवायची उंची साधारण १० टक्के उतरते. फार कापलं तर कार्यक्षमता पडते, म्हणून मर्यादा असते. पण कास्टिंगच्या एका पॅटर्नमधून किती तरी गिऱ्हाइकं सांभाळली जातात, आणि फरक पडतो तो शेवटच्या एका मशीनिंगमध्ये.

ब्लोअरमध्ये शेवटी ढकलता येणाऱ्या गोष्टी: जोडणीची प्लेट, नोझलच्या चकत्या, पंपाची अडॉप्टर प्लेट, रंग. रंगासाठी चेसिस सगळ्यांची एकाच गडद करड्या रंगाची करा आणि हवा तो रंग फक्त बोल्टनं बसणाऱ्या कव्हरांवर द्या. शेतकऱ्याला ट्रॅक्टरशी जुळणारं मशीन दिसतं. तुम्हाला फक्त थोडा पत्रा रंगवावा लागतो.

यातून एक रेघ आखली जाते. रेघेच्या अलीकडचं सगळं अंदाजानं, ऑगस्ट उजाडायच्या आत बनवून ठेवायचं. पलीकडचं ऑर्डर आल्याशिवाय हातात घ्यायचं नाही. रेघ जमिनीवर खरोखर पिवळ्या पट्ट्यानं आखा.

साठ्यातही फायदा होतो. समजा चार प्रकारच्या तयार मशीनसाठी प्रत्येकी १० नग जादा ठेवावे लागतात, एकूण ४०. चारही एकाच अर्धवट मशीनपासून शेवटी बनत असतील, आणि त्यांची मागणी एकमेकींशी संबंध नसलेली असेल, तर तेवढ्याच भरवशासाठी सुमारे २० पुरतात. चारचं वर्गमूळ दोन, म्हणून साठा निम्मा. पण इथे सावध राहा. छाटणीनंतर पाऊस लागला आणि डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) वाढला की तासगाव, पलूस, मिरज सगळीकडून एकदम मागणी उसळते. चारही प्रकार एकत्र वर जातात, तेव्हा वर्गमूळाचा फायदा आटतो. अर्धवट मशीनचा साठा ‘४०० ची जास्त जाईल की ६०० ची’ ही चूक सांभाळतो. ‘एकूणच किती जातील’ ही चूक सांभाळत नाही. त्यासाठी वेगळी तजवीज लागते, आणि ती पुरवठादाराशी गिअरबॉक्सबद्दल आधीच बोलून करायची.

‘काय हवं?’ हा प्रश्न बंद करा

शेतकऱ्याला पर्यायांची यादी देऊ नका, त्याची बाग विचारा. ट्रॅक्टर कुठला, किती एचपी? ओळींत अंतर किती? मांडव की वाय? किती एकर? पाणी भरायची जागा किती लांब? या पाच उत्तरांतून टाकी, जोडणी आणि पंखा जवळपास ठरतो.

“तात्या, ट्रॅक्टर किती एचपीचा हाय?”
“अठराचा. मिनी. पण टाकी मोठी बसवा बरं का, सारखं पाण्याला याय नको.”
“मोठी टाकी भरून उचलली तर चढाला पुढची चाकं हलकी हुतील. दोनशेची घ्या, न्हाईतर ओढायचा ब्लोअर घ्या. वळायला जागा हाय का ओळीच्या टोकाला?”

हे संभाषण विक्रेत्याच्या अनुभवावर सोडू नका, शीटमध्ये नियम म्हणून लिहा. कुठल्या ताकदीला कुठली टाकी चालते, कुठला पंखा कुठल्या गिअरबॉक्सला चालतो, काय कशाबरोबर कधीच चालत नाही. न चालणारं निवडलं की खाना लाल व्हावा. महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. साध्या शीटमधली ड्रॉपडाऊन यादी बरीच वर्षं पुरते. हे नियम लिहायला मात्र विक्रीवाला, डिझाइनवाला आणि फिटर तिघे एकत्र बसले पाहिजेत, नाहीतर कागदावर चालणारं शेडमध्ये बसत नाही.

प्रत्येक मशीनची वेगळी बीओएम (लागणाऱ्या पार्टांची यादी) करत बसू नका. तुकड्यांची बीओएम करा आणि ऑर्डरीप्रमाणे जोडा. खरेदीचा अंदाजही तुकड्यांवर बांधा: हंगामाला २०० मशीन, त्यात ४०० लिटर ५५ टक्के, म्हणजे त्या टाक्या ११०. कुठली टाकी कुठल्या रंगाबरोबर जाईल हे आज कळायची गरज नाही.

नंबरांबद्दल माझं मत ठाम आहे. मशीनच्या कोडला अर्थ असावा, म्हणजे टाकी, पंप, जोडणी त्यावरून वाचता आली पाहिजे. पार्टाच्या नंबरला अर्थ देऊ नये. ‘४०० ची पट्टी’ नाव असलेली पट्टी उद्या ६०० ला लावली की नवा माणूस ती लावायला घाबरतो आणि नवी पट्टी बनवतो.

शेडमध्ये

बोल्ट, होज, क्लॅम्प असे सगळ्यांना लागणारे पार्ट दोन डब्यांत ठेवा. एक संपला की मागवा, दुसऱ्यावर काम चालू. वेगळे पार्ट मात्र ऑर्डरीप्रमाणे किट ट्रॉलीत एकत्र काढून द्या. ट्रॉली पूर्ण भरल्याशिवाय मशीन जोडायला घ्यायचं नाही. अर्धवट मशीनची रांग बहुतेक या एका नियमानंच मोडते. मालकाला तो पाळणं जड जातं, कारण हात रिकामे दिसले की त्याला चैन पडत नाही.

वेल्डिंगच्या फिक्स्चरला सरकत्या पिना लावा, म्हणजे लहान-मोठ्या चेसिससाठी फिक्स्चर उतरवावं लागत नाही. ओढायची मशीन लागोपाठ जोडायला घेऊ नका, त्यांना वेळ जास्त लागतो. दोन साध्यांमध्ये एक घाला. चुकून उलटा बसू शकणारा पार्ट असेल तर एक भोक सरकवून तो उलटा बसणारच नाही असा करा. सूचनांचा फलक लावण्यापेक्षा हे स्वस्त.

यादीबाहेरचं मागितलं तर

तीन दारं ठेवा. यादीतलं असेल तर ठरलेली किंमत, ठरलेली तारीख. माप मर्यादेत बदलायचं असेल, उदाहरणार्थ जोडणी ठरलेल्या हद्दीत वर-खाली, तर ठरलेली जादा फी आणि जादा दिवस. यासाठी ड्रॉइंग आधीच तयार हवं. पूर्ण नवीन काही असेल तर त्याची किंमत वरच्या अर्ध्या पानाच्या हिशेबानं काढा, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हे दार बंद ठेवा. पाहुण्यारावळ्यांसाठीसुद्धा. नकार देताना पर्याय द्या: “दादा, हा पंप आत्ता नाही, पण तेवढंच प्रेशर देणारा आपल्याकडचा हा आहे, आणि स्पेअर मिरजेत मिळतो.”

वर्षातून एकदा छाटणी

बागेत खरड छाटणी करताना जुन्या काडीबद्दल कुणी हळहळत नाही. यादीलाही तीच वागणूक द्या. वेळही तीच बरी, एप्रिल-मे, फोन शांत असताना. ज्या पर्यायाची विक्री कमी आणि ज्याला स्वतःचे वेगळे पार्ट लागतात, तो आधी काढा. विक्री कमी पण पार्ट सगळे सामायिक, तर राहू द्या, तो काही खात नाही. काढायच्या आधी दोन गोष्टी तपासा: तो पर्याय घेणारा मोठा डीलर दुसरं काही घेतो का, आणि शेतकऱ्याला त्याऐवजी काय देता येईल. डीलरला शेवटच्या ऑर्डरची तारीख लेखी कळवा. आणि नवा पर्याय घ्यायचा तर एक जुना काढायचा, असा नियम ठेवा.

सुधारणा होतेय का हे पाहायला तीन आकडे पुरतात: स्टोअरमध्ये चालू असलेले पार्ट नंबर किती, ट्रॉली भरल्यावर किती ऑर्डरी बदलल्या, आणि दिलेली तारीख किती वेळा पाळली.

स्पेअर

मशीन विकलं की विविधता संपत नाही, ती गावोगाव पसरते. सहा वर्षांनी जतहून फोन येतो, ‘डायफ्राम फाटलाय, पाठवा’, आणि कुठल्या पंपाचा ते त्याला सांगता येत नाही, तुम्हालाही आठवत नाही. म्हणून चेसिसवर धातूची पट्टी रिव्हेट करा आणि तिच्यावर मशीनचा कोड आणि नंबर ठोकून घ्या. स्टिकर नको, औषधाच्या फवाऱ्यात तो एका हंगामात जातो. पट्टी जोडणीच्या बाजूला, ट्रॅक्टर न सोडता वाचता येईल अशी लावा. त्या नंबरावर त्या मशीनचं किट कार्ड (त्याला लावलेल्या पार्टांची यादी) फाइलला ठेवा, आणि दुरुस्तीत पंप बदलला तर कार्डावर त्याच दिवशी नोंद करा.